माझ्या नक्षत्राचा बेल

आमच्या घरात खुशाली माणसाची नाही, झाडाची सांगतात. अप्पा, म्हणजे माझे वडील, गावी, मैंदर्गीला माझ्या धाकट्या भावाकडे राहतात आणि मी जुळे सोलापुरात. रोज सकाळी मी डबे भरत असताना त्यांचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "झाड बरं हाय, अव्वा." आमच्याकडे कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढतात आणि लाडक्या लेकीला आईसारखं 'अव्वा' म्हणतात. झाड बरं म्हणजे मी बरी. मग मला इकडे ताप असो नाहीतर पाठ धरलेली असो, अप्पांच्या लेखी मी ठणठणीत. मी कितीदा वैतागून म्हटलंय, "अप्पा, मग झाडालाच फोन लावा की. मला कशाला लावताय?" त्यावर ते नुसते हसायचे.

हे झाड म्हणजे मैंदर्गीच्या घराच्या परसातला बेल. माझा जन्म चित्रा नक्षत्रावरचा. पंचांग पाहणारे आमच्या गावचे अय्या बारशाला आले आणि त्यांनी सांगितलं की कृत्तिकेचा उंबर, पुष्याचा पिंपळ, मघाचा वड, तसा चित्रेचा बेल. हे हिचं आराध्य झाड, ते लावा आणि जपा. झाड वाढेल तशी पोर वाढेल. अप्पांना आनंदाचं भरतं आलं. महादेवाचं झाड आपल्या लेकीच्या वाट्याला आलं म्हणजे काय चेष्टा आहे? त्याच आठवड्यात त्यांनी कुठूनसं रोप आणून लावलं.

पण अय्यांनी बरोबर नियमही दिले होते. आपल्या नक्षत्राच्या झाडाला लोखंड लावायचं नाही. त्याची फांदी तोडायची नाही, पान खुडायचं नाही, त्याचं औषधसुद्धा घ्यायचं नाही. झाडाला जे होईल ते माणसाला होईल. आता गंमत बघा. आमचं घर असं की सकाळी लिंगाला बेल वाहिल्याशिवाय कुणाच्या तोंडात चहा जात नाही, आणि त्या घरात मला एकटीला बेलाला हात लावायची बंदी. माझी पूजा विभूती आणि फुलांवर. परसात एवढा डेरेदार बेल असताना अप्पा मात्र टोपली घेऊन मठाच्या आवारात पानं आणायला जायचे. गल्लीतले लोक म्हणायचे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. अप्पांना फरक पडत नव्हता.

मला मात्र पडत होता. मी दुसरीत असताना शेजारची शेळी कुंपणातून आत शिरली आणि तिने बेलाचा कोवळा शेंडा फस्त केला. पुढच्याच आठवड्यात मला कावीळ झाली. त्या वर्षी अर्ध्या गावाला कावीळ झाली होती, आणि त्या सगळ्यांचे शेंडे काही शेळीने खाल्ले नव्हते. पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून त्या बोडक्या शेंड्याकडे बघायची आणि मला वाटायचं, आपलंच डोकं कुणीतरी खाल्लंय. पुढे वावटळ सुटली की मी अभ्यास टाकून परसात पळायची. फांद्या एकमेकींवर घासल्या की माझे दंड दुखायचे, खरंच दुखायचे. लहानपणी पोटात गेलेली भीती पुढे कितीही पुस्तकं वाचली तरी बाहेर येत नाही.

आणि पुस्तकं तर मी पुष्कळ वाचली. मी शाळेत भूगोल शिकवते. उन्हाळ्यात मुलांना गच्चीवर बोलावून चित्रा तारा दाखवते, सांगते की तो एक जळता गोळा आहे, त्याला आपलं नावगाव ठाऊक नाही. मुलं माना डोलावतात. मीही डोलावते. डोक्यात भूगोल आणि पोटात पंचांग, अशी मी गेली कित्येक वर्षं सुखाने नांदत होते.

मग ती दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला उटणं लावताना डाव्या बाजूला छातीत काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्याएवढं, टणक. मी पुन्हा चाचपलं. होतं. बाहेर नवरा गीझर बंद करायला ओरडत होता आणि मी आत ओल्या अंगाने तशीच उभी होते. नंतर मी कपडे घातले, देवाला दिवा लावला, सगळ्यांना फराळ वाढला आणि कुणालाही काही बोलले नाही. न बोललेल्या गोष्टी आपोआप विरघळतात असं बायकांना का वाटतं कोण जाणे. मला तरी वाटलं.

त्याच सुमाराला एक गोष्ट झाली. अप्पांच्या फोनमधलं वाक्य बदललं. "समदं बरं हाय," एवढंच ते म्हणायला लागले. झाडाचं नाव नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

येळवशीला, मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला, आमच्याकडे सगळं गणगोत शेतात जेवायला जमतं. भज्जी, उंडे, आंबील असा बेत असतो. मीही गेले. सगळ्यांबरोबर हसले, आंबील प्यायले. शेतातून परतल्यावर हात धुवायच्या निमित्ताने परसात गेले आणि जागीच थांबले. बेलाची अख्खी डावी बाजू वाळली होती. खोडावर डिंकाचे काळे ओघळ आले होते, साल सुटली होती, आणि भोकाभोकांतून भुसा गळून बुंध्याशी त्याची लहानशी रास साठली होती. डावी बाजू. माझा हात आपोआप पदराखाली गेला.

मागे भाऊ येऊन उभा राहिला. "किडा लागलाय आत," तो म्हणाला. "आदी एकच फांदी वाळल्याली. तवाच कापली असती तर हितंच थांबलं असतं. मी कवापासनं सांगालोय. पर अप्पा लोखंड लावू देत न्हाईत."

"तुझ्या झाडाला मी कुऱ्हाड लावू व्हय?" अप्पा दारातूनच म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "थंडीचं हाय ते. चैत्रात फुटंल की."

तर असं होतं. झाडाला जपायचं म्हणून कुणी झाडाला हात लावला नव्हता, आणि न लावल्यामुळेच कीड एका फांदीतून खोडात उतरली होती. हे मला तेव्हाही समजलं. पण समजणं आणि भिणं या दोन वेगळ्या खोल्या आहेत, आणि मी दुसरीत बसले होते. परतीच्या प्रवासात अक्कलकोट येईपर्यंत माझ्या हातापायांना घाम फुटला होता. घरी आल्यावर मी नवऱ्याला गाठीबद्दल सांगितलं.

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टर बाई साध्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली तेव्हाच मी समजले. "कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या, "पण लहान आहे, पसरलेला नाही. आत्ता काढला तर तुम्ही पुढची पुष्कळ वर्षं मुलांवर ओरडू शकाल. उशीर मात्र करू नका." नवऱ्याने माझा हात धरला. मी मान डोलावली आणि म्हटलं, "पुढच्या महिन्यात करू. शाळेत सराव परीक्षा आहेत."

मग सराव परीक्षा झाल्या. मग दहावीच्या वर्गाचे जादा तास निघाले. मग नात्यात एक लग्न निघालं, ज्याला मी एरवी गेलेही नसते. नवरा आधी समजावत होता, मग चिडायला लागला, मग एक दिवस जेवणाच्या ताटावरून उठून गेला. आमची मुलगी बारावीला होती. मी घरात असले की ती आपलं पुस्तक घेऊन माझ्याजवळ येऊन बसायची. माझ्याकडे प्रत्येकासाठी एक कारण होतं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

खरं कारण माझ्या मोबाइलमध्ये होतं. मी भावाला सांगितलं होतं की रोज शाळेत जायच्या आधी मला झाडाचा फोटो पाठव. तो बिचारा पाठवायचा. मधल्या सुट्टीत, शिक्षक खोलीच्या कोपऱ्यात, मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून फांदी न् फांदी तपासायची. कुठे हिरवा ठिपका दिसतोय का? माघात बेल पानं गाळतोच, तेव्हा सगळंच झाड उघडं झालं आणि जिवंत बाजू कुठली, मेलेली कुठली, हेही कळेनासं झालं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. चैत्रात पालवी फुटली की लगेच दवाखान्यात जायचं, आधी नाही. झाड सुकत असताना मी टेबलावर झोपले तर उठणार नाही, याची मला खात्री होती. ज्या बाईने ग्रहणात मुद्दाम वर्गाला बाहेर उभं करून डबे खायला लावले होते, ती बाई हे ठरवत होती. मला स्वतःची लाज वाटायची, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

पाडवा झाला. शेजारच्या बंगल्यातला कडुनिंब कोवळ्या पानांनी लालसर झाला, रस्त्यावरचे पिंपळ चमकायला लागले. फोटोतला बेल होता तसाच होता. आंघोळीला गेले की मी गाठ चाचपायची आणि ती आता हरभऱ्याएवढी राहिली नव्हती.

एके दिवशी मी चार्जिंगला लावलेला मोबाइल नवऱ्याने काही बघायला उचलला आणि त्याला ते फोटो दिसले. एकाच वाळक्या झाडाचे, एकाखाली एक, संपतच नव्हते. त्याने मोबाइल जागेवर ठेवला. रविवारी सकाळी कुणाकडे तरी जाऊन येतो म्हणाला आणि मोटरसायकल काढून थेट मैंदर्गीला गेला. अप्पांना माझ्या आजाराचा पत्ता नव्हता. त्यांच्या वयाचं कारण सांगून मीच सगळ्यांना गप्प बसवलं होतं. नवऱ्याने त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, गाठही आणि मी कशाची वाट बघतेय तेही. अप्पा ऐकत राहिले, त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी येतो."

दोन दिवस भावाचा फोटो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अप्पा आमच्या हॉलमध्ये बसलेले. एसटीने आले होते. धोतर, टोपी, पायाशी पिशवी. दोन्ही तळव्यांना फडकी बांधली होती आणि कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते. बेलाचे काटे मी ओळखते.

"अप्पा, काय केलंत?"

"तोडलं," ते म्हणाले. "बुडापासनं तोडलं. आता तितं काय बी न्हाय."

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही आणि आठवतं तेही लिहायला नको. मी ओरडले. बापाशी असं कुणी बोलत नाही इतकं ओरडले. "मला मारायचंच होतं तर लहानपणीच मारायचं होतं की! तुमीच म्हणला होता लोखंड लावू नका, तुमीच!" शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून रडत होती. अप्पा खाली मान घालून सगळं ऐकत होते. माझा श्वास संपला तेव्हा ते बोलले.

"त्या झाडाला तुला मीच बांधलं, अव्वा. तू पाळण्यात असताना बांधलं. तुला काय कळत हुतं? आता तू त्याच्याकडं बघत बसलीयास आन् हिकडं आत कीड वाढालीय. म्हणून तोडलं. आता कुणाकडं बघशील? जा, कापून घे जा."

मी पलंगावर जाऊन आडवी झाले. छातीवर हात ठेवला आणि मरायची वाट बघू लागले. हे मी अलंकारिक म्हणत नाहीये. झाड तुटलं होतं, म्हणजे आता माझी पाळी, हे मला भिंतीवरच्या घड्याळाइतकं स्पष्ट दिसत होतं. ठोके मोजत पडून राहिले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी झाली आणि कुणी गॅस बंद करेना. डाळ करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा मी उठले आणि गॅस बंद केला. झाड तुटूनही मी हलत होते, चालत होते, करपलेल्या डाळीवरून लेकीला बोलत होते. त्या संध्याकाळी मी स्वतः डॉक्टर बाईंना फोन लावला.

ऑपरेशनच्या सकाळी मला हिरवा झगा घालून वॉर्डात बसवलं होतं. नवरा कागदांवर सह्या करायला खाली गेला होता. भाऊ मैंदर्गीहून पहाटेच आला होता. अप्पा वॉर्डाबाहेर बाकावर होते, दारातून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. त्यांनी आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही, असं भाऊ म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "हातांचं काय करून घेतलंय त्यांनी! अरे, तू काय करत होतास? मशीनवाल्याला बोलवायचं नाहीस होय?"

भावाने दाराबाहेर अप्पांकडे एक नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाला, "बोलावल्याला, अक्का. मशीन घिऊन आल्याला बी. अप्पांनी त्याला परत लावलं. मी कुऱ्हाड उचलली तर मला हात लावू दिला न्हाय. म्हणालं, दुसऱ्यानं तोडलं तर त्यो दोष तिच्यावर जाईल. मग आंगोळ करून आलं, झाडाला विभूती लावली, नमस्कार घातला. आन् मोट्यानं म्हणालं, हिला सोड. हे मी करालोय, माझ्या हातानं करालोय. जे काय घ्याचं ते माझ्याकडनं घे. दीड दिवस तोडत हुतं. कुणालाच जवळ येऊ दिलं न्हाय."

मी काही बोलायच्या आत परिचारिका आल्या आणि त्यांनी मला स्ट्रेचरवर घेतलं. दाराबाहेर आल्यावर अप्पा उठून उभे राहिले. त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि हाताला अजून फडकं गुंडाळलेलं होतं. तो हात त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला. "अंजब्याड," ते कानडीत म्हणाले. भिऊ नकोस. मी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते घाबरलेले दिसले नाहीत. कावीळ, वावटळ, प्रत्येक माघातली पानगळ, कायम माझ्यासाठी धास्तावलेला हा माणूस आज शांत होता, कारण त्याने आपल्या परीने सगळं चुकतं केलं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की असं काही नसतं हो, तारा म्हणजे जळता गोळा असतो. पण स्ट्रेचर पुढे गेलं. आतल्या त्या पांढऱ्या दिव्याखाली मला सुई टोचली तेव्हा मी स्वतःला विसरले होते. मला बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या जिवाची भीती वाटत होती.

ऑपरेशन नीट झालं. औषधं, केस गळणं, उलट्या, सगळं रीतसर भोगून मी पुन्हा वर्गात उभी राहिले. आता ठरावीक काळाने तपासणीला जाते. डॉक्टर बाई रिपोर्ट बघतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "अगदी स्वच्छ आहे." नवरा दवाखान्याच्या दारातच पेढे घेतो. मीही हसते, पेढा खाते. आणि मग पोटातलं पंचांग पुन्हा उघडतं. माझा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे झाडाने अप्पांचं ऐकलं, असा त्याचा अर्थ होतो का? मी रिक्षात बसायच्या आधी मैंदर्गीला फोन लावते. पलीकडे घंटी वाजत राहते, अप्पांना उठून फोनपर्यंत यायला हल्ली वेळ लागतो, आणि ते "हॅलो" म्हणेपर्यंत मी श्वास घेत नाही.